काकवीची टाकी

निपाणी
३ फेब्रुवारी २०२५

श्री. कुंथुनाथ पाटील यांस,
जय जिनेंद्र.

नाव लिहिलं म्हणून दचकू नका. लग्नात उखाण्यातनं घेतलं होतं, त्यानंतर आजच. फोन केला की तुम्ही हॅलोसुद्धा न म्हणता तो वीरेंद्रच्या हातात देता आणि आपला लेक बापडा म्हणतो, "आई, आप्पा अंघोळीला गेलेत." माणूस दिवसातनं किती वेळा अंघोळ करतो हो? म्हणून हे पत्र. वाचून वीरेंद्रच्या हातात द्यायचं तर खुशाल द्या, मला लपवायचं काही नाही.

मुद्द्याचं बोलते. प्रियाला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्या घरात मी यायच्या आधीपासनं आहे. तुमच्या दोन्ही बहिणी बाळंतपणाला आल्या त्या आपल्या जुन्या लँडमास्टर मोटारीतनं, मामंजी स्वतः आणायला गेलते. मी बोरगावाहून वीरेंद्रला मांडीवर घेऊन सासरी परत आले तीही त्याच गाडीतनं. म्हणून मी प्रियाला फोन केला, म्हटलं, ये. ती म्हणाली, "येते आई. पण बसनं येणार न्हाय, विक्रमच्या गाडीनं न्हाय, भाड्याच्या गाडीनं तर न्हायच. घरची लेक म्हणून बोलावतीस न्हवं? मग घरची गाडी पाठव. न्हायतर बेळगुंदीत माझी सासू हाय, ती करती बाळंतपण." पोरगी हट्टाला कुणावर गेलीय ते मी लिहायची गरज नाही.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जेवत होता. ताट तसंच सोडून हात धुतलात आणि म्हणालात, "ह्या घरची गाडी तिला आणायला जाणार नाही." आणि पिशवी भरून बेळगावला लेकाच्या फ्लॅटवर निघून गेलात. बरं केलंत. आता घरात गाडी आहे आणि मी आहे.

तुमच्या नियमाचंही एकदा बोलून घेते, तोंडावर कधी बोलू दिलं नाहीत. प्रियानं विक्रमशी रजिस्टर लग्न केलं, मराठ्याचा पोर म्हणून तुम्हाला ते चाललं नाही. त्याच दिवशी तुम्ही गाडी शेडात घालून कुलूप ठोकलंत आणि चातुर्मासात महाराजांपुढं जाऊन नियम घेतलात की गाडीला हात लावणार नाही आणि पोरीच्या दारात पाय ठेवणार नाही. महाराजांना तुम्ही एवढंच म्हणालात की राग ज्यांच्यानं येतो त्या दोन गोष्टी सोडतो. त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. त्या साधूंना काय माहीत, त्यातली एक गोष्ट म्हणजे पोटची पोर आहे! लोक भात सोडतात, तेल सोडतात. पोरगी सोडायचा नियम कुठल्या ग्रंथात आहे तेवढं मला दाखवा. आणि तुमचा नियम तुमच्यापुरता. मी काही सोडलेलं नाही.

तेव्हा कळवते की शेडाचं कुलूप फोडलंय. गाडीची किल्ली तुम्ही नेलीत, मी बाजारातनं दुसरी करून घेतली. गुंडू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीवरची धूळ बघितली आणि म्हणाला, "आगंगिल्री, आक्का." त्याला 'होणार नाही' म्हणायला कन्नड लागतं, 'होतंय की' म्हणायला मराठी, आणि बोल्टाला शिव्या द्यायला हिंदी. मी म्हटलं, आता मराठीत बोल. मग त्यानं बॅटरी बदलली, प्लग घासले, कार्ब्युरेटरला पेट्रोलची बाटली टांगली आणि हँडल मारलं. अहो, सुरू झाली! शेडातली कबुतरं फडफडत बाहेर पळाली. मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

पण बाटली काढून टाकीची नळी जोडली, तर दोन मिनिटं चालली आणि आचके देऊन मेली. पेट्रोल गाळायच्या काचेच्या वाटीत बघितलं तर तांबडा चिखल. तुम्ही रागाच्या भरात टाकीत पेट्रोल तसंच ठेवून गेलात. झाकणाचं रबर कुजलं, शेड गळतं ते वेगळंच. तीन पावसाळे टाकी आतनं गंजत बसलीय. गुंडू म्हणाला, "इंजिन वाघ हाय आक्का, पर टाकी मेली." मी म्हटलं, मेलेली नाही, रुसलीय. ह्या घरात तो रोगच आहे.

मी ती साफ करणार. प्रियाला आणणार. तुमची परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, कळवायला लिहिलंय.

तारामती


निपाणी
१२ फेब्रुवारी

श्री. कुंथुनाथ यांस,

तुमचं कार्ड मिळालं. "टाकीला हात लावू नये. कुं. भ. पाटील." खाली सहीसुद्धा! बँकेला लिहिलंत की बायकोला?

कार्ड आलं तेव्हा टाकी खाली उतरवून अंगणात ठेवलेली होती. त्यामुळं तुमची आज्ञा पाळायची राहून गेली.

डिकीतली फळी काढून गुंडूनं खालून बोल्ट सोडले. गंजानं सगळे जाम झालते, त्या निमित्तानं त्याचं हिंदी भरपूर ऐकून झालं. उरलेलं पेट्रोल काढलं तर त्याला पेट्रोलचा वाससुद्धा नाही, जुन्या वार्निशासारखी घाण. टाकी दोघांनी उचलून हलवली तर आत वाळू भरल्यासारखी खळखळ. टॉर्च घालून बघितलं. सगळीकडं पापुद्रे सुटलेले. मामंजी त्या गाडीला दसऱ्याला स्वतःच्या हातानं हार घालायचे.

गुंडूकडं दोन उपाय होते. एक, अ‍ॅसिड ओतायचं. "गंज गेला तर गेला, टाकी गेली तर गेली." दुसरा, डिकीत प्लॅस्टिकचा कॅन ठेवून त्यातनं नळी सोडायची. "मस्त पळती आक्का, मी धा गाड्या पळवल्यात." मी विचारलं, तुझ्या बायकोला आठवा लागलेला असताना तिच्या पाठीमागं पेट्रोलचा उघडा कॅन ठेवून नेशील काय? मग इकडं तिकडं बघून तंबाखू मळत बसला.

बोरगावला आमच्या दादाच्या गुऱ्हाळावर गेलते. गूळ न्यायला नाही, माणूस बघायला. भरमा गुळव्या तुम्हाला आठवत असेल, कढईपाशी कुणाला उभं राहू देत नाही तो. त्याच्यापुढं मी टाकीचं रडगाणं गायलं. तो म्हणाला, "मला गाडीतलं काय कळत न्हाय आक्का. पर काकवीच्या पिंपात आमचा झारा पडलता. गंजका झारा व्हता. पुढच्या सालाला गावला तवा पांढराधोट. काकवीनं गंज खाल्ला म्हणायचा." मी तिथंच उभ्याउभ्या ठरवलं. डबे भरून काकवी आणली.

आणि मीही नियम घेतलाय. गाडी स्वतःच्या चाकावर रस्त्याला लागेपर्यंत गोड खाणार नाही. महाराज विहार करत पुढच्या गावाला गेलेत, म्हणून मंदिरात एकटीनंच भगवंतापुढं घेतला. तुम्ही राग येतो ते सोडलंत, मी आवडतं ते सोडलं. आता कोपरापर्यंत हात काकवीत बुडालेले असतात आणि बोटसुद्धा चाटता येत नाही. हसा, हसा.

जीवहिंसेचं मला कळत नाही असं समजू नका. काकवीचं पाणी ठेवलं की आंबतं, आंबलं की त्यात जीव पडतात. म्हणून पाणी गाळून, उकळून घेते, त्यात काकवी मिसळते आणि टाकी भरते. शिळं ठेवत नाही. दिवस मावळायच्या आत सगळं ओतून टाकते, टाकी विसळून उपडी करते, सकाळी ताजं भरते. गंजही जाईल आणि पापही लागणार नाही.

प्रियाला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, तू टाकीला सोवळ्यात बसवलंस की गं!" बऱ्याच दिवसांनी हसली.

तारामती


निपाणी
२५ फेब्रुवारी

कुंथुनाथ यांस,

वीरेंद्रकडनं कळलं की टाकी साफ होईना हे ऐकून तुम्ही हसलात. जेवताना हसलात म्हणे, ठसका लागेपर्यंत. हसा. बेळगावात बसून उंटावरनं शेळ्या हाकायला काय जातंय?

खरं आहे, होत नव्हती. रोज पाणी उकळायचं, रोज काकवी घोळायची, रोज ओतायचं. संध्याकाळी आत बघावं तर जरा उजळ दिसायचं, मी खूश व्हायचे. सकाळी झाकण काढावं तर आत पुन्हा भगवं. रात्रीतनं कुणी येऊन आत कुंकू उधळून जातंय जणू. गुंडू म्हणाला, शेडाला दृष्ट लागलीय, लिंबू बांधा. शेजारची मालुबाई म्हणाली, नवऱ्याचा शब्द मोडलास, कसं यश येणार? तिला मी चहासुद्धा विचारला नाही.

त्यात प्रियाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की प्रवास करायचा तर मार्चच्या मध्यापर्यंत करा, पुढं गाडीत बसायचं नाही. म्हणजे तोवर टाकी झाली तर पोरगी घरी, नाहीतर तिकडंच. आणि मी तिला ओळखते. ह्या बाळंतपणाला आली नाही तर पुन्हा ह्या उंबऱ्याला येणार नाही, सणाला नाही, आपल्यापैकी कुणी मेलं तरी नाही. तुम्हाला वाटतं दोन वर्षांनी सगळं आपोआप निवळेल. काही निवळत नाही. ठेवून दिलेली वस्तू आपोआप चांगली झालेली मी तरी अजून बघितली नाही.

परवा भाकऱ्या झाल्यावर तवा घासला आणि तसाच ओला पालथा घातला, कारण प्रियाचा फोन आला. बोलून परत आले तर तव्यावर तांबूस ठिपके. अहो, तवा! तुमच्या आईनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की तवा धुतला की लगेच चुलीवर वाळवायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं, ओलं लोखंड उघडं टाकायचं नाही. इतकी वर्षं रोज करतेय. आणि त्या टाकीला रोज मावळतीला न्हाऊ घालून ओलीच उघडी टाकत होते! काकवी दिवसभर जेवढं खायची तेवढं रात्रीतनं परत उगवायचं. माझ्या सोवळ्यानंच गंज पेरला. निपाणीतल्या जैनाच्या बायकोशिवाय असला मूर्खपणा जगात कुणी करणार नाही, ह्यावर तुम्ही आणखी एकदा हसून घ्या, मला चालेल.

आता उपाय एकच होता. टाकी काठोकाठ भरायची, आत हवा ठेवायची नाही आणि गंज सुटेपर्यंत हात लावायचा नाही. पण मग पाणी आंबणार. आंबलं की जीव पडणार, आणि शेवटी ओतताना ते सगळे मरणार, माझ्या हातानं. लग्न होऊन आल्यापासनं मी गाळल्याशिवाय पाण्याचा घोट घेतलेला नाही, दिवस मावळल्यावर दाणा तोंडात घातलेला नाही. मी टाकीशेजारी पाटावर बसून राहिले. कुणाला विचारावं कळेना. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही अंघोळीला गेलेले.

मग मीच ठरवलं. एका बाजूला डोळ्यांना न दिसणारे जीव, एका बाजूला डोळ्यांना दिसणारा माझा जीव, आणि त्याच्या पोटात आणखी एक. पाप माझं. महाराज येतील तेव्हा त्यांच्यापुढं सगळं सांगेन, देतील ते प्रायश्चित्त घेईन, उपवास म्हणाले तर उपवास. पण तुमच्यासारखं अर्धं सांगून आशीर्वाद घेणार नाही.

टाकी भरली. तोंडावर दुहेरी फडकं बांधलं, भोवती मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढली. आता मीच तिच्याकडं बघत नाही.

तारामती


निपाणी
११ मार्च

अहो,

तुमचं पत्र आलं. ह्या वेळी चक्क चार ओळी! मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. इथं उतरवते, म्हणजे नंतर "मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणायला नको: "टाकीत खडी किंवा नट घालून हलवू नये. तळ पातळ आहे. डाव्या कोपऱ्यात वडिलांनी भोक बुजवून डाख दिलेला आहे, तो सांभाळावा. खालच्या बुचाला चामड्याचा वायसर लागतो, रबराचा चालत नाही."

अय्या! गाडीला हात लावायचा नाही हा नियम होता ना? पेन चालतो वाटतं!

चिडवत नाही. म्हणजे चिडवतेय, पण ऐका. डाव्या कोपऱ्याचा डाख तुम्हाला आठवतो. तळ पातळ झालाय, त्याला जपायला पाहिजे हे आठवतं. अहो, मग तिकडं एक पोर आहे. तिचं रक्त कमी भरलंय, तिला रात्री पायात गोळे येतात, ती डाव्या कुशीवर झोपते. तिच्याबद्दल एक ओळ तुमच्या पेनातनं उतरत नाही? पत्र्याच्या टाकीसाठी चार ओळी आल्या. मला आनंद झाला आणि तेवढाच राग आला, त्या भरात भाजी करपली.

आता टाकीचं. परवा उघडली. वास असा की मालुबाई भिंतीवरनं डोकावून विचारते, "तारामती, घरात कोण प्यालंय गं?" मी म्हटलं, गाडी. बूच काढलं, काळं पाणी भळाभळा बाहेर आलं. त्याच्याकडं बघताना णमोकार मंत्र म्हणत होते. मग उकळत्या पाण्यानं धुतली आणि ह्या वेळी एक क्षण ओली ठेवली नाही. प्रियाच्या कपाटात तिचं केस वाळवायचं मशीन तसंच होतं, ते लावून आत गरम हवा सोडली. कॉलेजात असताना ती ते तासन्‌तास लावायची आणि तुम्ही विजेवरनं ओरडायचा. पार कोरडी झाल्यावर लगेच तेल-पेट्रोल घालून सगळीकडं घोळवली.

आत टॉर्च मारला. करडा, स्वच्छ पत्रा. डावा कोपरा शाबूत. भोक एकही नाही. गुंडू बराच वेळ वाकून बघत होता, मग उठून म्हणाला, "मी म्हणलंच व्हतं आक्का, काकवी घाला." मी हसून टॉर्च बंद केला. जिंकलेल्या माणसानं भांडू नये.

चामड्याचा वायसर घातला. तुमच्या जुन्या चपलेचा पट्टा कापून केला, रागावू नका.

काल टाकी चढवली, पेट्रोल भरलं, हँडल मारलं. मंदिरापर्यंत नेली आणि परत आणली. कोणी नेली? मी. व्हय, मीच. पहिल्या वर्षी तुम्ही चिकोडी रस्त्यावर शिकवलं होतंत, नंतर शिकवणं बंद केलंत, पण शिकलेलं कुठं जातंय? लायसनही आहे. कधी काढलं विचारू नका, तुम्ही दुपारी झोपता तेव्हा काढलं. मंदिराच्या दारात गाडी उभी केली, दर्शन घेतलं आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. सगळी बाजारपेठ बघत होती. मी चघळत उभी राहिले.

रविवारी निघतेय. यायचं असेल तर हायवेला उभे राहा, थांबवेन. गाडीत बसलं की नियम मोडेल असं वाटत असेल तर उभं राहू नका. मी थांबून वाट बघणार नाही.

तारामती


बेळगुंदी
१६ मार्च, रविवार

अहो,

हे प्रियाच्या सासरच्या पडवीत बसून लिहितेय. तुमच्या लेकीच्या दारात माझा पाय आहे आणि दाराबाहेर आपली गाडी आहे.

तवंदी घाटात एकदा बंद पडली. स्तवनिधीच्या मंदिराला हात जोडून पुढं निघाले आणि चढावर आचके सुरू. कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला. ट्रकवाले, मोटरसायकलवाले जमले. एक जण म्हणतो, "ड्रायव्हर कुठं गेलाय, मावशी?" मी पदर खोचला, बॉनेट उघडलं, काचेची वाटी सोडवली. आत चिमूटभर गंज, कुठंतरी नळीत अडकून राहिलेला. पुसली, बसवली, हँडल मारलं. दुसरा म्हणाला, "आम्ही ढकलतो की." म्हटलं, ढकला, पण माझ्या गाडीला हात पुसून लावा. अहो, माझ्या तोंडातनं तुमचंच वाक्य गेलं.

बेळगाव आलं तेव्हा तुम्ही हायवेला नव्हता. मी वेग कमी केला होता, एवढं कबूल करते. मग वाढवला.

इथं आले तर सगळी गल्ली बाहेर. शालूबाईंनी, प्रियाच्या सासूनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्यावरनं आणि गाडीवरनंही. विक्रम पोरगा मागं उभा राहून नुसता हसत होता, पाया पडायचंसुद्धा विसरला. प्रिया बाहेर आली. पोट एवढं मोठं झालंय, चेहरा सुकलाय. ती गाडीकडं आलीच नाही, पायरीवर उभी राहिली. आत वाकून बघितलं. मागची सीट रिकामी.

"आप्पा न्हाईत?"

"न्हाईत."

"त्यांनी पाठवली व्हय गाडी?"

मी खोटं बोलू शकले असते. पोरीला बरं वाटलं असतं, तुमचीही पत राहिली असती. तोंडापर्यंत आलं होतं. पण खोट्यावर बसवून पोरीला माहेरी न्यायचं नव्हतं मला. म्हटलं, "न्हाय. त्यांनी न्हाय म्हटलंय. गाडी मी आणलीया. घर माझंबी हाय."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. नखांत अजून काळं आहे, निघत नाही. मग रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "मग बसते. त्यांनी पाठवली असती तर रागानं बसले असते का न्हाय, माझं मलाच ठावं न्हाय."

आता शालूबाई ओटी भरायची तयारी करतायत आणि मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळी आमटी केलीय, वेगळ्या पातेल्यात, पाणी गाळून. मी सांगितलं नव्हतं. प्रियानंही नाही म्हणे, त्यांनीच कुणाला तरी विचारून घेतलं. ह्या बाईच्या दारात पाय न ठेवायचा तुम्ही नियम घेतलाय.

उन्हं कलायच्या आत निघायचंय. पत्र वाटेत टाकेन.

तारामती


निपाणी
२७ एप्रिल

अहो,

काल पहाटे प्रियाला कळा सुरू झाल्या. गाडी मीच काढली. एका हँडलला सुरू झाली, इस्पितळापर्यंत एक आचका नाही. दुपारी सुटका झाली. दोघंही सुखरूप आहेत. एवढं कळवते, कारण तेवढंही न कळवणं माणुसकीला धरून होणार नाही.

गेल्या महिन्यात तुमची तीन कार्डं आली. पहिल्यात विचारलंत, टाकी गळते का. दुसऱ्यात, बूच घट्ट आहे का. तिसऱ्यात, पेट्रोल जुनं होऊ देऊ नये. तिन्ही प्रियाला वाचून दाखवली. तिनं तिन्ही उशाखाली ठेवलीत. बापाला टाकीच्या आडून बोलावं लागतं हे तिला कळतं, ती माझ्यापेक्षा मऊ आहे. मला मात्र आता टाकीवर एक अक्षर लिहायचं नाही. टाकी उत्तम आहे. विषय संपला.

आता नीट वाचा. मुलगा की मुलगी, ते मी लिहिणार नाही. वजन लिहिणार नाही. गोरं आहे की सावळं, केस किती, नाक कुणाचं घेतलंय, हनुवटीला तुमच्यासारखी खळी आहे की नाही, काही लिहिणार नाही. वीरेंद्र बघून गेला. त्याला माझ्या गळ्याची शपथ घातलीय, फोनमधला फोटोसुद्धा पुसायला लावला. विक्रमला सांगितलंय, शालूबाईंनाही सांगितलंय. गुंडू मिस्त्रीला तर सांगायची गरजच नाही, त्याला विचाराल तर आगंगिल्री म्हणेल. तुम्ही वीरेंद्रला खोदून खोदून विचाराल आणि तो म्हणेल, "आई सांगू नको म्हणालीया." मग कळेल, दाराबाहेर उभं राहणं कसं असतं ते.

इतके दिवस मी तुम्हाला सगळं लिहिलं. टाकीतला पापुद्रा न्‌ पापुद्रा लिहिला. आता माझी पत्रं संपली. नियमाचं तुमचं तुम्ही बघा, मोडा नाहीतर पाळा, महाराजांपुढं जाऊन फेडा. मलाही काकवीचं फेडायचंच आहे. जायचं असेल तर दोघं मिळून जाऊ, नसेल तर मी एकटी जाईन. यायचं झालंच तर, जेवण दिवस मावळायच्या आत होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आतल्या खोलीत आत्ता ते जागं झालंय आणि रडतंय. आवाज कसा आहे, तेही सांगणार नाही.

तारामती